चौदा मिलिमीटर

चंदरच्या सलूनमध्ये कोंडूचा एक गाल मोकळा झाला होता, दुसऱ्यावर अजून फेस होता, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टीव्हीवर पाणी आलं. गेल्या महिन्यात इंग्लंडातलं एक गाव बुडालं होतं, त्याची चित्रं परत दाखवत होते. गढूळ रस्त्यात लाल टपालपेटी गळ्यापर्यंत बुडालेली, आणि रबरी होडीत एक म्हातारी मांडीवर कुत्रं घेऊन बसलेली, जणू एस्टीची वाट बघत होती. मग पाणी तेच राहिलं आणि माणसं बदलली. आता बिहार होता, छपरावर बायका होत्या, त्यांच्यात एक शेळी होती. मग बांगलादेश. मग टाय लावलेला एक माणूस आला आणि समुद्र तापल्यामुळे ढगांत पाणी जास्त मावतं, असं काहीसं समजावून सांगू लागला. चंदरने वस्तरा हवेत धरून ते सगळं ऐकून घेतलं. ऑगस्टातला बुधवार होता, गिऱ्हाईक एकच होतं, त्याला घाई नव्हती. "जगालाच ताप भरलाय म्हणतात, नाना," तो म्हणाला. "तुमचा तर जल्म पाऊस मोजण्यात गेला. खरंच वाढलाय का वो?" कोंडू हो म्हणायला गेला, नाय म्हणायला गेला, आणि हनुवटी तेवढी हलली. वस्तरा खाली टेकतच होता. जबड्याच्या हाडापाशी तिळाएवढा लाल ठिपका उमटला. चंदर हळहळला, त्याने तुरटी फिरवली, आणि कोंडूला आठवलं की आज चार वाजता वाल्मिक मास्तरांची नम्रता येणार आहे, तीही नेमकं हेच विचारायला.

ती किन्हवलीची पोर. बाप तिथल्या शाळेत मास्तर, आणि ही पुण्यात कसल्याशा संस्थेत हवामानाचा अभ्यास करते. तिचा फोन परवा आला होता. नाना, तुमच्या पावसाच्या डब्याची एकोणतीस वर्षांची नोंद मला पाटबंधारे खात्याकडून मिळाली, इतकी सलग, सुरुवातीचा काळ सोडला तर एकही दिवस रिकामा नसलेली नोंद आपल्या अख्ख्या भागात दुसरी नाही, असं ती म्हणाली होती. फोन सुनेने, अनिताने, घेतला होता आणि मग कोंडूच्या कानाला लावून धरला होता, कारण मोबाइल कसा धरायचा ते त्याला अजून जमत नव्हतं. एकही दिवस रिकामा नसलेली. हे कौतुक ऐकून माणसाने खूश व्हावं. कोंडू खूश झालाही. पण परवा आणि काल, दोन्ही रात्री तो उठून गॅलरीत जाऊन आला होता, आणि त्याने ते अनिताने केलेल्या वालाच्या भाजीवर ढकललं होतं. आता सलूनमधून घराकडे चालताना जबडा चुरचुरत होता आणि वालाची भाजी तर परवाचीच होती.

तो निवृत्त झाला आणि ज्ञानेश्वरने, मुलाने, त्याला शहापुरात आपल्याकडे आणला, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. दुसरा मजला, वर आणखी दोन मजले, म्हणजे डोक्यावर छप्पर असं नाहीच, दुसऱ्याची जमीन. इथे पाऊस ऐकू येत नसे. सकाळी खिडकीत जाऊन खालचा रस्ता ओला आहे का ते बघावं लागे. पहिले काही महिने त्याला साडेआठ वाजता आपोआप उभं राहायची सवय होती. उभा राहायचा, आणि कुठे जायचं ते नसल्यामुळे गॅलरीत जाऊन यायचा. अनिता समजूतदार, ती त्या वेळेला चहा ठेवू लागली. त्यामुळे उभं राहण्याला कारण मिळालं.

साडेआठ ही सरकारची वेळ होती. सावरखिंड नावाचं त्याचं गाव, किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या आणि डोंगराच्या मध्ये ओढा, ओढ्यावर बुटका फरशीपूल, आणि पलीकडे माळावर खात्याने तारेचं कुंपण घालून तो डबा बसवला होता. कधी काळी तिथे धरण व्हायचं होतं. धरण झालं नाही, डबा राहिला. खात्याच्या कागदावर त्याला पर्जन्यमापक म्हणत. गावात पावसाचा डबा. जस्ती पत्र्याचं भांडं, वर फनेल, आत बाटली. सकाळी साडेआठला बाटली काढायची, रेघा असलेल्या काचेच्या मापात पाणी ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. मापात वीस मिलिमीटर मावे. जास्त असेल तर माप पुन्हापुन्हा भरायचं. एवढ्या कामाला सरकार पगार देतं यावर सुरुवातीला सासऱ्याचा विश्वास बसला नव्हता. फसून पोर दिली की काय, अशा नजरेने तो डब्याकडे बघून गेला होता.

पण काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं, कारण त्यात एक खोच होती, आणि ती धरण आखणाऱ्या साहेबाच्या लक्षात आली नव्हती. बाटली शंभरला भरते. त्याहून मोठा पाऊस असेल तर दिवसातून तीन-चार वेळा जाऊन ती रिकामी करावी लागते, नाहीतर पाणी वाहून जातं. आणि शंभरहून मोठा पाऊस असला की ओढा फरशीवरून चालू लागतो. म्हणजे ज्या दिवशी डब्यापाशी जायची खरी गरज, नेमका त्याच दिवशी डबा पलीकडे आणि कोंडू अलीकडे. पहिल्या वर्षी त्याने अशा दिवसांपुढे खरं ते लिहिलं, 'पुरामुळे नोंद नाही'. वरून चिठ्ठी आली की नोंद रिकामी ठेवू नये. चिठ्ठीत पूल बांधून देण्याबद्दल काही नव्हतं.

उपाय बायकोने, देवकीने, काढला होता. अंगणात गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, कोंडूच्या बापाच्या आधीच्या कुणीतरी घडवलेली, सरळ भिंतींची. देवकी म्हणाली, आभाळ काय तुमच्या डब्यापुरतं गळतं का, इथंबी तेवढाच पडतो. मग एक अख्खा पावसाळा तिने डोण रोज संध्याकाळी उपसून कोरडी केली आणि सकाळी कोंडू डब्यावरून आकडा घेऊन आला की दोघांनी मिळून डोणीच्या आत छिन्नीने रेघा पाडल्या. पंचवीसची, पन्नासची, शंभरची. शंभरच्या वरच्या रेघा अंदाजाने, पण त्याच अंतराने. त्यानंतर फरशी बुडाली की सकाळी देवकी डोणीत वाकायची आणि पडवीत बसलेल्या कोंडूला ओरडून सांगायची, "दीडशे, आन वर दोन बोटं." तो एकशे चौसष्ट लिहायचा. एकशे साठ असा गोल आकडा संशयास्पद दिसतो हे त्याला लवकर समजलं होतं. ही लबाडी आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ती फारशी नव्हतीही. उलट कोंडूला आतून अभिमान होता. सरकारला सुचलं नाही ते त्याच्या बायकोला सुचलं होतं. पावसाळ्यात दहा-बारा दिवस असे यायचे, आणि त्या दिवसांचा पाऊस खात्यासाठी देवकी मोजायची.

पण दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैचा पाऊस डोणीतला नव्हता. तो त्याचा होता. त्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते म्हणून सकाळी आकडा घेतल्यावर तो पलीकडेच, खात्याच्या पत्र्याच्या चौकीत, थांबला होता. जीप आली नाही. दुपारी पाऊस आला, आणि तो नेहमीसारखा नव्हता, एवढंच त्याला तेव्हा वाटलं. तीन वाजता फरशी पाण्याखाली गेली. परत जायचा रस्ता नाही, करायला दुसरं काही नाही, म्हणून त्याने मोजायला घेतलं. निघताना देवकीने त्याच्या शर्टाच्या खिशात भाजलेले चिंचोके भरले होते, चघळायला. चौकी गळत होती, वही उघडली की शाई पसरत होती, म्हणून त्याने एक युक्ती केली. एक माप भरून ओतलं की एक चिंचोका शर्टाच्या खिशातून पँटच्या खिशात. उरलेलं अर्धवट पाणी परत बाटलीत, म्हणजे हिशेब फक्त भरल्या मापांचा राहील. दर तासाला, कधी त्याहून लवकर, तो प्लास्टिक पांघरून डब्यापाशी जाई. भूक लागली तेव्हाही त्याने खिशातला चिंचोका तोंडात टाकला नाही, मोजणी चुकेल म्हणून. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मोठा पाऊस तो डोळ्यांनी वाचत होता. भीती वाटत होती, पण त्याचबरोबर एक विचित्र सुखही होतं, आणि ते सुख पुढे त्याला कधीच कुणाला सांगता आलं नाही. सकाळी पस्तीस चिंचोके झाले होते. म्हणजे सातशे. साडेआठ वाजता बाटलीत उरलेलं शेवटचं, अर्धवट, त्याने मापात ओतलं. ते चौदा होतं. सातशे चौदा.

त्याच वेळेला देवकी फरशीवर होती. पाणी रात्रीपेक्षा उतरलं होतं, पिंडरीएवढं होतं, आणि तो रात्रभर घरी आलेला नव्हता, म्हणून ती भाकरी बांधून निघाली होती. अलीकडच्या काठावरून रघूने, कोंडूच्या चुलत भावाने, तिला नको म्हटलं. ती म्हणाली, रोजची वाट हाय. फरशीच्या मधला तुकडा खालून पोखरलेला होता, तो वरून दिसत नव्हता. रघूने कोंडूला दोन हाका मारल्या. देवकी दोन दिवसांनी खाली, वळणावरच्या निर्गुडीत, सापडली. दिवसकार्याला येणारे सगळे विचारत, तू कुठं व्हतास रे, आणि कोंडू सांगे, डब्यापाशी. ते खरंच होतं. त्यापुढे कुणी विचारलं नाही, कारण त्यापुढे विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. पुढे बरेच दिवस वर्तमानपत्रांत त्या दिवसाचे आकडे येत राहिले, मुंबईतल्या एका ठिकाणचा नऊशे चव्वेचाळीस सगळ्यांच्या तोंडी झाला, आणि कोंडूला वाटे की आपला सातशे चौदा त्याच्या शेजारी कुठेतरी छापून यायला हवा होता. बायको गेलेला माणूस असल्या गोष्टीचा विचार करतो, याची त्याला लाज वाटायची. पण देवकीचं जे काही जगात उरलं होतं, त्यात तो आकडा होता. बाकी लुगडी, एक डोरलं, आणि मतदानाच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात ती कुणीतरी दुसरीच दिसत होती.

चारच्या ठोक्याला नम्रता आली. सलवार-कमीज, खांद्याला कॉम्प्युटरची काळी बॅग, पाया पडायला वाकली आणि बॅग पुढे घसरून कोंडूच्या गुडघ्यावर आपटली. अनिता हसली, तिघंही हसले, आणि बरं वाटलं. चहा झाला, वाल्मिक मास्तरांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग तिने कॉम्प्युटर उघडला आणि त्याच्यापुढे वळवून धरला. पडद्यावर खालून वर जाणाऱ्या निळ्या काड्या होत्या, भाताच्या तरव्यासारख्या दाट. "हे तुम्ही आहात, नाना," ती म्हणाली. "एक काडी म्हणजे एक वर्ष. वर्षभरात शंभरच्या वरचे किती दिवस झाले, आणि त्या दिवसांत मिळून किती पाऊस पडला, ते." ती उत्साहात होती पण तिने तो आवरून धरला होता, डॉक्टर बरी बातमी देताना धरतात तसा. एकूण पाऊस फारसा बदललेला नाही, ती सांगत होती. पण मोठ्या दिवसांचा पाऊस बघा. इथपर्यंत सगळ्या काड्या साधारण सारख्या, आणि इथून पुढे एकदम उंच. जग गरम होतं तसा पाऊस असाच होईल, कमी दिवसांत जास्त, असं शास्त्रज्ञ म्हणतात. इंग्लंड, बिहार, आपला सव्वीस जुलै, प्रत्येक पूर त्यामुळेच आला असं कुणी सांगू शकत नाही, पण पुरांचं माप वाढतंय असं दिसतंय. "आणि आपल्या सावरखिंडीच्या डब्यात ते अगदी स्वच्छ दिसतंय. पंच्याण्णवपासून उडी आहे बघा. मी लेख लिहितेय, तुमच्या नावानिशी."

"पंच्याण्णव," कोंडू म्हणाला.

"हो. त्या वर्षी काही बदललं का, असं मला विचारायलाच हवं. डब्याची जागा हलवली? शेजारी झाड आलं, तोडलं?"

"डबा हलला नाय," तो म्हणाला. हेही खरंच होतं. तो काड्यांकडे बघत होता. पंच्याण्णवात ज्ञानेश्वरला नोकरी लागली. पंच्याण्णवच्या मे महिन्यात पहिल्या पगारांतून त्याने घराची कौलं उतरवली आणि सिमेंटचे पत्रे चढवले. गावात तेव्हा ती मोठी गोष्ट होती. पत्रे लांब निघाले, कापायचे कशाला म्हणून अंगणाच्या बाजूला हातभर पुढे तसेच ठेवले, पडवीला सावली झाली. कोंडूला आता ती पडवी दिसू लागली, पत्र्यावरचा तो आवाज ऐकू येऊ लागला, ज्यात बोललेलं कळत नसे. आणि त्या आवाजात देवकी, डोक्यावर इरलं, डोणीपाशी उभी राहून काहीतरी सांगते आहे आणि तो कानाला हात लावून काय म्हणून विचारतो आहे. ती पडवीत आली होती. तिच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. ती म्हणाली होती, "डोण पागोळीखाली आली, वो. पत्र्याचं पाणी आत उडतंय. सरकवाया पायजे." आणि त्याने म्हटलं होतं, चार गडी लागतील, भाताची आवणी झाल्यावर बघू. आवणी झाली. त्या वर्षी झाली, पुढच्या वर्षी झाली, दरवर्षी झाली. ती पुन्हा बोलली नाही, की बोलली आणि पत्र्याच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही, हे आता कळायला मार्ग नव्हता. फरशी बुडालेल्या सकाळी ती वाकायची, ओरडायची, "अडीचशे, आन वर तीन बोटं," आणि तो लिहायचा. दहा वर्षं. निळ्या काड्या.

काहीच करायची गरज नव्हती. हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की हसू आलं. नम्रता चहा पिऊन जाईल, त्याचं नाव छापून येईल, मास्तर अभिमानाने कात्रण दाखवतील. जगही गरम होतंच आहे, टायवाला सांगतोच आहे. त्यात सावरखिंडीची दहा-बारा खोटी बोटं मिसळली तर बिहारच्या छपरावरची शेळी काय ओली व्हायची राहील? खात्याने त्याला विचारलं नव्हतं, ते आता विचारणार नव्हतं. पेन्शन चालू होती. तो गप्प बसू शकत होता, आणि गप्प बसणं त्याला चांगलं येत होतं.

नम्रता बोट पडद्यावर फिरवत सर्वांत मोठ्या दिवसांची यादी वाचून दाखवत होती. "अठ्ठ्याण्णव, तीनशे बारा. दोन हजार दोन, दोनशे शहाऐंशी. दोन हजार चार, तीनशे सत्तेचाळीस. आणि मग सातशे चौदा." तिने आवाज उतरवला, तिला देवकीचं माहीत होतं. "लेखात मी हे चारही एका ओळीत देणार आहे."

एका ओळीत. कोंडूला ते तीनशे बारा आठवले. पागोळीचं पाणी होतं, त्यात पत्र्याची धूळ होती आणि वाळलेली शेवग्याची पानं. त्याच्या शेजारी सातशे चौदा. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी देवकीला भलत्याच्या शेजारी बसवावी तसं त्याला वाटलं, आणि तेवढ्या क्षुल्लक गोष्टीने त्याचं तोंड उघडलं.

"ते तीन काढ," तो म्हणाला. "ते आमच्या डोणीतले हाईत."

मग त्याने सगळं सांगितलं. पूल, चिठ्ठी, डोण, छिन्नीच्या रेघा, पत्रे, पागोळी. सांगताना त्याला वाटलं होतं त्याहून ते लवकर संपलं. एकोणतीस वर्षांचं काम दहा मिनिटांत सांगून होतं. नम्रताने आधी लिहून घ्यायला सुरुवात केली, मग पेन्सिल खाली ठेवली, मग परत उचलली. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने फक्त विचारलं, "पंच्याण्णवच्या आधीचेसुद्धा? शंभरच्या वरचे सगळे?"

"आधीचे बरेचसे बरोबर असतील. डोण तवा मोकळ्यात व्हती."

"असतील," ती म्हणाली. तिने पडद्यावरची यादी पुन्हा वरपासून वाचली. खाली हायवेच्या बाजूला ट्रकचा हॉर्न वाजत राहिला. "नाना, तुम्ही सांगितलंत हे बरं झालं. पाऊस वाढला नाही असं यातून निघत नाही. वाढला असेलही, दुसरीकडे शेकडो डबे आहेत, त्यांच्यावरून समजेल. पण तुमच्या वहीवरून आता मला काहीच म्हणता येणार नाही. शंभरपर्यंतचं ठेवीन. वरचं सगळं बाजूला."

"सातशे चौदा ठेव. तो डब्यातला हाय."

 अनिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात पुसायचं फडकं होतं.

"तो मी सवता मोजला गो. रातभर."

"मला खात्री आहे, नाना. पण लिहिताना माझी खात्री चालत नाही. बाकीचे शंभरवरचे सगळे आकडे अंदाजाचे, आणि एकच खरा, हे मी कशावरून सांगू? समोरचा विचारेल, त्या दिवशीसुद्धा डोणच पाहिली असेल. वर…" ती थांबली आणि मग जे बोलायचं होतं ते बोललीच. "वर त्या दिवशी घरात जे झालं, त्यानंतर एवढा नेमका आकडा कुणी लिहून ठेवतो, असं लोकांना पटत नाही. सातशे म्हटलं असतं तर एक वेळ. सातशे चौदा?"

कोंडू उठला. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. आतल्या खोलीतून त्याने पत्र्याची डबी आणली. ती पूर्वी देवकीच्या मिसरीची होती. त्याने ती स्टुलावर उपडी केली. चिंचोके चकाकत नव्हते, दोन वर्षांत त्यांची साल मऊ काळी झाली होती. नम्रताने न सांगता ते मोजले, पाचापाचाचे ढीग करून. सात ढीग झाले. त्याने पँटच्या खिशाचं सांगितलं, उरलेलं पाणी परत बाटलीत ओतायचं ते सांगितलं. तिने मान डोलवली. एकदा तिने चिंचोका बोटांत धरून वास घेतला आणि मग ओशाळून खाली ठेवला.

"हे सातशे झाले," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात मघाचा आवरलेपणा परत आला होता, ती खरोखरच विचार करत होती. "हे मी लिहू शकते. अशी पद्धत होती, असे मोजले. पण चौदा कुठून आले? चौदाला चिंचोका नाही."

इथे थांबता आलं असतं. सातशे हा आकडा मोठाच होता, वर्तमानपत्रात शोभला असता. कोंडूने अनिताकडे बघितलं. ती दिवसकार्यात राबली होती, देवकीला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती, आणि सासरा त्या वेळी डब्यापाशी होता एवढंच तिला माहीत होतं. त्याचा जबडा पुन्हा चुरचुरू लागला, वस्तऱ्याची जागा.

"चौदा मी वाचले," तो म्हणाला. "शेवटचं पाणी मापात ओतलं, आन रघूची हाक आली."

"मग तुम्ही माप टाकून धावलात," नम्रता म्हणाली. तिला मदत करायची होती.

"पयली हाक मला ऐकू आली. देवकीचंच नाव घेऊन वरडला तो. ते मला समजलं." तो स्टुलावरच्या ढिगांकडे बघत होता, आणि त्याचा हात आपोआप वर आला होता, काहीतरी उभं धरल्यासारखा, डोळ्याच्या पातळीला. "माप हातात व्हतं. मी वाचलं. चौदा. मग ते डब्याच्या चौथऱ्यावर नीट ठेवलं, सांडू नये म्हणून. मग दुसऱ्या हाकेला गेलो."

अनिताच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. नम्रताने पेन्सिल धरली होती, पण ती लिहीत नव्हती. मग तिच्या तोंडून तेच आलं जे तिला शिकवलेलं होतं, जे ती प्रत्येक डब्याच्या माणसाला विचारत आली असेल.

"एक माप वाचायला किती वेळ लागतो, नाना?"

"पाणी हलायचं थांबाया लागतं," कोंडू म्हणाला. "हलत्या पाण्यात आकडा खरा येत नाय. मी थांबलो."